एक्केचाळीस नंबरचं ताट

शनिवार, १३ डिसेंबर १९८६, सौंसर

शाळा सकाळची होती. घरी आले, चार घास खाल्ले आणि भांडी घासायला बसले. उद्या दुपारी तीनला विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. माणसं बरीच येतील, तुझ्यासाठी म्हटल्यावर येणारच, आणि तुझी-माझी दोन्ही घरची भांडी एकत्र केली तरी पुरतील असं दिसत नाही. अंगणात चिंच आणि राख घेऊन बसले आहे. एक खेप घासून उन्हात पालथी घातली की हात पुसते आणि लिहिते. नुसतं बसून रडणं मला जमत नाही, अक्का, हे तुला माहीत आहे.

तुझ्या प्रत्येक भांड्यावर तुझं नाव आहे. गुंड, परात, गंज, सगळ्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं. आईनं रामाकोन्याहून बैलगाडीत पाठवलेली ही भांडी. आपण सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांच्या घरात पडलो, एकाच अंगणातल्या दोन दारांत आलो. तू भांडी घेऊन आलीस आणि मी अकरावीचं सर्टिफिकेट. बाबा म्हणाले, मंदीची भांडी तिच्या शिक्षणात गेली. संत्र्याची वीस झाडंही त्यांनी तुझ्याच नावानं केली, कारण तू चौथीतून घरी बसलीस आणि मी शिकत राहिले. वाटणी बरोबर होती. तरी आज तुझ्या परातीवरचं नाव घासताना माझा हात गरजेपेक्षा जोरात चालतो आहे.

सगळ्यांत खाली एक ताट निघालं, त्यावर मात्र तुझं नाव नाही. जर्मनचं, काठाला पोचा पडलेलं, आणि मागच्या बाजूला लाल रंगानं लिहिलेलं ४१. ते आपल्या घरचं नाही. कुठून आलं ते सांगते, पण आधी मनातलं दुसरं काढून टाकू दे.

तुझ्या मयताला बस स्टँडवरचा चहावाला दुकान बंद करून आला होता. तीन वेळा ज्याला मी दारातून परत लावलं तो वर्गणी मागणारा पावतीबुकवाला आला होता आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या पोरी आल्या, त्या मला 'बहनजी नमस्ते' म्हणाल्या आणि तुझ्या पायांवर पडल्या. मी बाजूला उभी राहून माणसं मोजत होते. माझ्या वेळी यातली किती येतील? शाळेचा स्टाफ येईल, त्यांना सुट्टी मिळेल म्हणून. बहिणीच्या मयतात कोणाच्या मनात असं येतं? माझ्या आलं. तुझ्यापाशी लपवून उपयोग नाही.

एका अंगणात दोन दारं. कोणी पावतीबुक घेऊन फाटकातून आला की आधी माझ्या दाराकडे पाहायचा आणि सरळ तुझ्याकडे वळायचा. गावात बातमीच होती तशी. अनाथाश्रम असो, गोशाळा असो, डोळ्यांचं शिबिर असो, तू पाणी द्यायचीस, वाटीभर ज्वारी द्यायचीस, बहाराचे दिवस असले तर संत्री. पावती मिळाली की ती लोणच्याच्या बरणीखाली. माझ्या दाराशी आला तर मी विचारायची: संस्था कुठं आहे? कधीपासून? किती मुलं? रविवारी पाहायला येते. जो 'या' म्हणाला त्याच्याकडे मी खरोखर जायची. जो 'बहनजी, कशाला त्रास घेता' म्हणाला त्याला मी पाणी पाजून वाटेला लावायची. याहून वेगळी रीत मला अजूनही सुचत नाही. माणूस घाम गाळून पिकवतो, तर ते कोणाच्या तोंडात जातं हे त्यानं पाहू नये?

मोहगावचा तो अनाथाश्रम आठवतो? मी उन्हातान्हात जाऊन पाहून आले आणि तुझ्या ओट्यावर बसून सांगितलं, "तुझा आश्रम पाहिला. शेंगदाण्याच्या पोत्यांचा आहे. किराण्याचं गोदाम आहे ते, एक पोर नाही."

तू सूप पाखडत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "अवं मंदे, वाटीभर ज्वारीच तं देल्ली म्या. शेंगदाण्याच्या पोत्यालेबी भूक लागत असन."

सगळं अंगण हसलं. हे तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. दोन दिवसांनी बाजारात भाजीवालीनं मला तेच वाक्य ऐकवलं. सायकलच्या दुकानात पत्ता विचारत मैलभर चालले होते मी, आणि गावाला आठवणीत राहिलं ते तुझं वाक्य.

आता त्या वसतिगृहाचं.

लोधीखेड्याला सुमनबाई मुलींचं वसतिगृह चालवते. आपल्याच समाजातली, नवरा नाही, स्वतःच्या घराच्या मागं टिनाचे दोन हॉल काढले आहेत. मजुरी करणाऱ्यांच्या मुली ठेवते. आईबाप कामाच्या मागं हिंडतात तेव्हा पोरींची शाळा सुटू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी विहाराच्या महिला मंडळानं धान्य कोणाला द्यायचं असा विषय काढला आणि तपासून यायचं काम माझ्याकडे दिलं. मी रविवारी दुपारी बाराला पोचले, न सांगता. दोन्ही हॉल रिकामे. चूल थंड. हजेरीच्या वहीत त्या दिवसाच्या चाळीस हजेऱ्या लागलेल्या. मी वहीवर बोट ठेवून विचारलं, खरं तर विचारलं नाही, बोलले, "चाळीस पोरी वहीत आहेत आणि घरात एक नाही. हे मी वीस वर्षं शाळेत पाहते आहे, मला शिकवू नका." सुमनबाई पिठाचे हात घेऊन उभी होती. काही बोलली नाही. मी त्याला कबुली समजले.

पुढच्या पौर्णिमेला विहारात उभी राहून मी सांगितलं, वसतिगृह कागदावर आहे. मंडळानं धान्य थांबवलं. मोहगावच्या आणि रामाकोन्याच्या लोकांनीही हात आखडला, कारण मी म्हटलं होतं. तपासून बोलणारी म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तू नळावर मला म्हणालीस, "दुपारी काऊन गेली तू? सकाळी, जेवाच्या टेमाले जायचं."

"मी जेवायला गेली नव्हती अक्का, तपासायला गेली होती."

"मंग तपासलं काय?"

"वही."

तू गुंड डोक्यावर घेतलास आणि निघून गेलीस. भांडण तिथंच राहिलं. मी जिंकले असं मला दोन वर्षं वाटत होतं.

आणि पांढुर्ण्याची ती मोठी संस्था, तिचं भांडण तर तू वेगळ्याच जागी नेलंस. तिथं मी तीनदा जाऊन आले होते. भिंती रंगवलेल्या, मुलांचे गणवेश इस्त्रीचे, छापील अहवाल, शौचालयं धुतलेली. मी तुला मुद्दाम सोबत नेलं, म्हटलं, बघ चांगली संस्था कशी असते. तू सगळं पाहिलंस, मुलांच्या पंगतीत जाऊन बसलीस, जेवलीस, आणि परतताना बसमध्ये म्हणालीस, "इथं नाई देनार मी."

"का?"

"शिरा होता आज."

"मग? चांगलंच आहे की."

"पोरायनं खिशात भरला. अर्धा खाल्ला अन् अर्धा खिशात. रोज पोटभर भेटते त्या पोराले खिसा कायले लागते वं?"

मी म्हटलं, पोरं खिशात काहीही भरतात, खडूसुद्धा. त्या संस्थेला मी देत राहिले. तू एक संत्रं दिलं नाहीस. मला वाटलं माझ्या निवडीला दिलं नाहीस.

शेवटच्या आठवड्यात खाटेभोवती सगळे बसले असताना यांनी तुला विचारलं, वहिनी, झाडांचं काय करायचं. तुला मूल नाही, भाऊजी आधीच गेले. तू म्हणालीस, "दरसालची संत्री दानात द्याची. कोनाले, थे मंदा ठरवल. ते तपासल्याबिगर देत नाई." सगळे हसले. मरणाच्या खाटेवरसुद्धा तुझ्या बोलण्यावर लोक हसतात आणि त्यात मी असते. पण तू हसत नव्हतीस. माझ्याकडे पाहत होतीस. मी उशी सारखी करण्याचं निमित्त केलं आणि खाली पाहिलं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्याचे अध्यक्ष साहेब जीपमधून आले. सोबत संत्र्यांची टोपली. संत्रीच पिकवणाऱ्या रामाकोन्याच्या लेकीच्या घरी संत्री! बसले, चहा घेतला, म्हणाले, "बहनजी, अक्कांचं नाव संगमरवरात कोरून लावू. एकदम दर्शनी भागात. आणि आमचं काम तर तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे."

खरं होतं. मी पाहिलेलं होतं. त्यांना दान दिलं तर माझी तपासणीही खरी ठरत होती. फक्त ते संगमरवर खटकलं. परातीवर तुझं नाव, झाडांच्या कागदावर तुझं नाव, आता भिंतीवर.

ते गेले आणि तासाभरानं सुमनबाई आली. पायी आली असावी स्टँडवरून, चपलांवर धूळ होती. बायकांच्या मागं बसली. सगळ्या उठल्यावर पुढं आली, पिशवीतून हे ताट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"हे काय?"

"अक्काचं ताट हाय. घरच्यायले द्यावं म्हून आनलं."

"अक्काचं ताट तुमच्याकडे कसं?"

"चाळीस पोरी हायेत, बहनजी. अक्का एक्केचाळिसाव्या. दर पंधरा दिवसानं येत. पंगतीत शेवटी बसत."

"कधीपासून?"

"तुमी येऊन गेल्या, त्याच्या पुढच्या रविवारपासून."

मी हिशेब लावत बसले. पंधरा दिवसांनी तू लोधीखेड्याला जायचीस ते चुलतसासूच्या गुडघ्याला तेल लावायला, असं मला सांगून. तेल खरं असेल. पण मी इथं पेपर तपासत बसायची आणि तू तिथं पंगतीत बसायचीस, नंबर लावून.

"पहिल्या दिवशी काय म्हणाली ती?"

"काई नाई. 'भूक लागली वं बाई, भाकर भेटन काय' म्हने. जेवल्या, ताट धुतलं, गेल्या. कोन हाय थे चौथ्या खेपेले समजलं."

मग मी विचारलं. दोन वर्षांनी विचारलं. "त्या रविवारी पोरी कुठं होत्या?"

"वेचनीले," ती म्हणाली. "कापसाचे दिवस व्हते. सकाळी सातले हजेरी झाली, भाकर खाल्ली, अन् आया येऊन घेऊन गेल्या. एक रविवार हाताशी पोरगी असली तं कंबरेचे दोन ओटे भरून कापूस जास्त निघते. सांजच्याले परत आनून सोडतात."

"मला सांगायचं होतं ना तेव्हाच."

"तुमी विचारलं काय, बहनजी? तुमी वहीवर बोट ठेवून सांगून राहिल्या व्हत्या. अन् शाळेवाल्या बाईले कसं सांगू, पोरी कामाले गेल्या म्हून?"

डिसेंबरचा रविवार. कापसाचा रविवार. माझी आई याच दिवसांत कंबरेला कापसाचा ओटा बांधून पहाटे निघायची, तू तिच्या मागं, आणि मी पुस्तक घेऊन घरी. वेचणीला कधी गेलेच नाही, म्हणून वेचणी माझ्या ध्यानात आली नाही. तुला हजेरीची वही वाचता आली नसती, पण तो रविवार कळला असता. कळलाच.

जाताना सुमनबाई एवढंच म्हणाली, "धान्य बंद झालं तं गोधड्यायचे पैसे जवारीत गेले, त्या थंडीत एका गोधडीत दोन-दोन पोरी झोपल्या. मंग अक्कानं स्वताच्या आनल्या."

त्या गोधड्या! तुझ्या पेटीतून सहा गोधड्या गेल्या तेव्हा मी तुला किती बोलले होते. म्हटलं, दिल्यास कोण्या भटक्या बुवाला. तू म्हणालीस, "हो वं, थंडी वाजत व्हती त्याले."

अक्का, आता मी रागावते आहे, ऐक. तू मला का सांगितलं नाहीस? दोन वर्षं मी गावभर त्या बाईला खोटी म्हणत होते आणि तू माझ्या शेजारी तांदूळ निवडत ऐकत होतीस. दोनदा मात्र मला विचारलंस, "चालतं काय वं लोधीखेड्याले?" दोन्ही वेळा मी म्हटलं, वह्या तपासायच्या आहेत. तुला वाटलं असेल, हिला सांगून पटणार नाही, ही स्वतः पाहील तेव्हाच. बरोबर वाटलं. पण बरोबर वाटण्याचाही तुझाच मान का असावा? प्रेम तुला मिळालं, ते मी सोडलं होतं. माणसं तुला, झाडं तुला, भांडी तुला. माझ्याकडे एकच गोष्ट होती: खरं-खोटं ओळखणं. गाव मला त्यासाठी विचारायचं. आणि ज्या गोष्टीत मी तुझ्यापेक्षा वर आहे असं मी समजून होते, त्याच गोष्टीत तू माझ्या पुढं निघालीस, तेही भाकर खाता खाता. दाराशी वाटीभर सगळ्यांना, पण मनापासून द्यायचं ते एकाच ठिकाणी, आणि तेही जेवून पाहिल्यावर. भोळी म्हणत होते मी तुला.

उद्या तीन वाजता भंतेजी वंदना घेतील, मग घरच्यांनी उभं राहून दानाची घोषणा करायची. आपल्यात विहारात उभं राहून बोललेलं दान परत घेता येत नाही. अध्यक्ष साहेब पहिल्या रांगेत असतील. पांढुर्ण्याचं नाव घेतलं तर दोन मिनिटांत होईल, टाळ्या पडतील. लोधीखेड्याचं घेतलं तर आधी मला सांगावं लागेल की दोन वर्षांपूर्वी याच जागी उभी राहून मी चुकीचं बोलले, चौकशी न करता बोलले, आणि त्यामुळे पोरी थंडीत काकडल्या. तुझ्यासाठी जमलेल्या सगळ्या माणसांसमोर. तुझ्या दिवशी तू आणखी मोठी आणि मी खोटी.

पण खरी अडचण तीही नाही. तुझ्या शब्दावर मी अजूनही देणार नाही. सुमनबाई गोड बोलली, ताट आणलं, गोधड्यांचं सांगितलं, म्हणून देऊ? असं मी कधी केलेलं नाही. ते तुलाही आवडणार नाही, नाहीतर झाडं माझ्या गळ्यात टाकली नसतीस.

ऊन उतरलं. भांडी झाली. तुझं ताट वेगळं ठेवलं आहे.

*

रविवार. विहारात जायला अजून तासभर आहे, तेवढ्यात लिहून ठेवते.

सकाळी छोट्या रेल्वेगाडीची वाट पाहिली नाही, पहिली बस धरली. सोबत पिशवीत तुझं ताट. लोधीखेड्याला पोचले तेव्हा हजेरी होऊन पोरी हात धुवून बसत होत्या. मी सरळ पंगतीच्या टोकाला जाऊन बसले आणि ताट पुढं ठेवलं. सुमनबाई भाकरीची टोपली घेऊन वाढत वाढत आली, माझ्यापाशी थांबली. ताट उचललं, मागून नंबर पाहिला.

"हे अक्काचं हाय," म्हणाली, आणि ते घेऊन गेली. परत आली तेव्हा हातात स्टीलची थाळी होती. पाहुण्यांची.

ज्वारीची भाकर, पातळ वरण, वांग्याची भाजी. वरणाला मीठ कमी होतं. मी खाता खाता पोरींचे खिसे पाहत होते. फ्रॉकला खिसे होते. कोणाचा हात तिकडं गेला नाही. माझ्या शेजारच्या पोरीनं अर्धी भाकर ताटात तशीच सोडली आणि उठली.

"काऊन वं टाकली?" सुमनबाई ओरडली.

"पोट भरलं."

"मंग घेतली कायले? मस्ती चढली काय तुले?"

"सांजच्याले खातो ना!" पोरगी म्हणाली आणि पळालीसुद्धा, बाहेर आया ओटे बांधून उभ्या होत्या.

वीस वर्षांत मी अन्न टाकणाऱ्या पोरीला रागावल्याशिवाय सोडलेलं नाही. आज गप्प बसले. संध्याकाळी भाकर आहे याची जिला खात्री आहे, तीच पोर अशी अर्धी टाकून पळेल.

मी माझी थाळी धुतली. पोरींची ताटं भिंतीला टेकून ओळीनं उभी असतात, नंबरवारीनं. तुझं चाळीसच्या पुढं लागलेलं होतं. मी माझी थाळी त्याच्या बाजूला उभी केली.

सुमनबाईला म्हटलं, "आज तीन वाजता विहारात या. समोर बसा. मला तुमच्यासमोर बोलायचं आहे."

तिनं पदरानं हात पुसले. "येतो. पोरी परत याच्या आधी सोडजा मात्र."

"आणि मलाही एक ताट द्या. नंबरचं."

ती हसली. पहिल्यांदाच हसली माझ्यासमोर. "नंबर असा मागून नाई भेटत, बहनजी. अक्कालेबी चार महिन्यानं देल्ला. येत जा पह्यले."

साडेनऊच्या बसनं परत आले. पाय धुतले, आणि विहाराची साडी पेटीतून काढण्याआधी कॅलेंडर खाली घेतलं. तू पंधरा दिवसांनी जायचीस, म्हणून तुला चार महिने लागले. मी पेन्सिल घेतली आणि पुढच्या सगळ्या रविवारांभोवती गोल काढले. दोन महिन्यांत होईल.